पिशवी नको, पगार द्या : उपवासकाळात पडलेला एक प्रश्न

बावखलकाठी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे बागकाम आणि पाककृतीच्या धाग्यांवर असते. आजचा विषय वेगळा आहे, सांभाळून घ्या.

मी वसईची, कॅथलिक. राखेच्या बुधवारी आमच्याकडे घरोघर एक पाकीट येतं. पुढचे चाळीस दिवस मटण-मासळी, हॉटेल, सिनेमा यातलं जे सोडाल त्याचे पैसे पाकिटात टाकायचे आणि ईस्टरच्या आधी चर्चमध्ये जमा करायचे. त्यातून गरजूंना शिधा दिला जातो. पिशव्या भरायला मी दर वर्षी असते. पाच किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ, तेलाची पिशवी, साखर, चहापत्ती, दोन साबण. डाळीचं पाकीट तांदळाखाली गेलं तर फुटतं, म्हणून ते नेहमी वर ठेवायचं. इतकी सवय झालीय.

परवा यादीतलं एक्केचाळिसावं नाव पुकारलं. आमच्याच हॉलचा आणि आवाराचा झाडू मारणारी बाई. जव्हारकडची आहे, सात वर्षं बघतेय मी तिला. ओले हात पदराला पुसत आली आणि हळूच म्हणाली, "पिशवी नको बाय. दोन महिन्यांचा पगार राहिलाय, तेवढा बघा ना."

मी काय केलं? पिशवी दिली. मागून कुणीतरी "एक फोटो" म्हणालं, ती उभी राहिली, फोटो निघाला, संध्याकाळी ग्रुपवर आला. त्याला बहात्तर अंगठे आणि हात जोडलेले ते चिन्ह.

चौकशी केली तर कळलं, सफाईचं काम तीन वर्षांपूर्वी ठेकेदाराला दिलंय. पगार तो देतो. म्हणजे देत नाही.

रात्रभर एकच विचार डोक्यात होता. तिच्या हक्काचे पैसे अडकलेले असताना मी तिला साबण दिला. येशू म्हणतो, "मी भुकेला होतो, तेव्हा तुम्ही मला खायला दिले." ती भुकेली कुणामुळे राहिली, हे विचारायचं की नाही? कमिटीत मी नवी आहे, फादरही दोन महिन्यांपूर्वीच बदलून आलेत. तुमच्याकडे असं काही झालंय का? कसं बोललात?

पिंपळपान

वाचतेय. फोटोचं वाचून पोटात कालवलं. आमच्या मंडळाच्या अन्नदानातही हेच चालतं, फक्त मागे मूर्ती वेगळी.

शंकासुर

ताई, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण मुळातला प्रश्न बाजूला राहतोय. मिशनऱ्यांची सेवा म्हणजे गळाला लावलेलं आमिष, असं आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलोय. शाळा, दवाखाना, मग पाण्याचे चार थेंब डोक्यावर. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचं (विधवा मुलींसाठी काढलेल्या शाळेचं) काय झालं? १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांना सल्लागार मंडळ सोडावं लागलं ते उगाच नाही. (विषयांतर वाटलं तर दुर्लक्ष करा.)

मुक्तीची_नात

शंकासुर, दुर्लक्ष कशाला करायचं? माझी पणजी रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, त्यांतली ती एक. तिचं खरं नाव, गाव, काहीच आम्हाला ठाऊक नाही. रमाबाई गेल्या नसत्या तर हा प्रतिसाद लिहायला मी नसते, इतका साधा हिशेब आहे.

१८९३ चं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघालं तेव्हा तिथे धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. पण रमाबाई पहाटे स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या, मुली येऊन बसू लागल्या, आणि पुण्यात गदारोळ झाला. दार लावायला हवं होतं का, यावर आमच्या घरातसुद्धा दोन मतं आहेत. आई म्हणते हवं होतं. विश्वासाने सोपवलेल्या मुली होत्या, बहुतेक बालविधवा.

पण "आमिष" हा शब्द रमाबाईंना लावायच्या आधी एक बघा. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. त्याआधी तिथल्या सिस्टरांनी त्यांना लंडनजवळ फुलम इथलं आपलं घर दाखवलं होतं. समाजाने "पतित" म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहात. त्या बायकांशी कुणी इतक्या मायेने वागतं हे त्यांनी पहिल्यांदा तिथे पाहिलं, आणि मग बायबलमधली, येशू विहिरीवर जिच्याशी बोलतो त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचली. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. आणि म्हणून त्या चर्चच्या ताटाखालचं मांजर झाल्या का? छे! त्याच सिस्टरांना त्यांनी पत्रातून बजावलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, दुसरं मानेवर घेणार नाही.

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी बंदोबस्तात बायकांची कशी आबाळ होते, यावर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. राज्य ख्रिस्ती लोकांचं, देणगीदार विलायत-अमेरिकेतले, तरी लिहिलं. गव्हर्नर चिडला. पार्लमेंटपर्यंत विषय गेला.

बावखलकाठी ताई, तुम्हाला एवढंच म्हणेन : रमाबाईंनी मुलींना नुसतं जेवू घातलं नाही. छापखाना चालवायला शिकवलं, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला, शेती, विणकाम. पणजीच्या उजव्या हाताच्या बोटांना शाईचे डाग शेवटपर्यंत होते असं आजी सांगायची. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेलं मराठी बायबल तिथेच छापलं गेलं. पणजी त्यातलं आपण जुळवलेलं पान कुठलं ते दाखवायची म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण दाखवायची.

शंकासुर

पत्राचं माहीत नव्हतं. शोधून वाचतो. बाकी मत कायम :)

माजी_खजिनदार

धागाकर्तीला थोडी दुसरी बाजू. मी आमच्या (दुसऱ्या) चर्चच्या कमिटीत सहा वर्षं हिशेब बघितले. लोकांना वाटतं चर्चकडे पैशाचं झाड आहे. हॉलचं भाडं लग्नसराईत येतं, वीजबिल बारा महिने येतं. दफनभूमीची भिंत पडली की वेगळी वर्गणी. ठेकेदार ठेवतात कारण कायमचा माणूस म्हटलं की फंड, रजा, ग्रॅच्युइटी, आणि कमिटी तर तीन वर्षांनी बदलते. कुणी वाईट हेतूने करत नाही.

आणि तुमच्या कमिटीने ठेकेदाराला वेळेवर चेक दिला असेल तर दोष कमिटीचा कसा?

बावखलकाठी

काका, चेक पाच तारखेला जातो. विचारून आले.

माजी_खजिनदार

मग प्रश्न मिटला. ठेकेदार चोर.

नगरचा_विल्सन

मिटला कसा काय? येशूला वधस्तंभावर रोमन सुभेदार पिलातानं कुठं स्वतः चढवलं, त्यानं फक्त हात धुतले.

मी नगर जिल्ह्यातला, प्रोटेस्टंट. आमच्या आज्यानं अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत बाराखडी गिरवली. गावानं त्याआधी वेशीच्या आत येऊ दिलं नव्हतं. बाप्तिस्मा घेतल्यावर पाटलाची बैलं हाकायचं काम तेच राहिलं, पण आज्या रविवारी धुतलेला सदरा घालून पहिल्या बाकावर बसायचा. लोक चिडवायचे, दूधपावडरीचे ख्रिस्ती म्हणून, म्हणजे फुकटच्या दूधपावडरीसाठी बाटलेले. चिडवणाऱ्यांना दूधपावडर दिसली, बाक दिसला नाही.

पण कॉलर टाईट करायचं कारण नाही. आमच्यातच जात गेली का? लग्नाचं स्थळ बघताना पाळकसाहेबसुद्धा "मूळचे कोणते" विचारतात. आणि सरकारचं म्हणाल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दाखला फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ मध्ये शिखांना दिला, १९९० मध्ये बौद्धांना. आम्ही बाहेर. चुलतभावाची जात तीच, वस्ती तीच, शिवी तीच. दाखला वेगळा. माझ्या पोरीचं ॲडमिशन त्यात गेलं. (हे रडगाणं नाही, पण न्यायाची चर्चा चाललीय तर हे पण धाग्यात असू द्या.)

आता खजिनदार काकांना. बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय, चौथं वचन काढा. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असं लिहिलंय. मजूर नव्हे बरं का, मजुरी ओरडते! बायबलातल्याच लेवीय पुस्तकात तर मजुराचे पैसे रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको म्हणून सांगितलंय. तिथं "ठेकेदार असेल तर सूट" असं मला तरी दिसलं नाही.

केळीचा_लोंगर

विल्सनभाऊ, +१०१.

कॅथलिक बाजूने भर घालतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर परिपत्र काढलं, त्यात मजुरी बुडवणं हे स्वर्गापर्यंत हाक जाणारं पाप म्हटलंय आणि दाखला याकोबाचाच दिलाय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा) १९६५ चा प्रापंचिकांवरचा, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य ख्रिस्ती लोकांवरचा दस्तऐवज तर थेट धागाकर्तीसाठीच लिहिल्यासारखा आहे. त्याचा भावार्थ असा की आधी न्यायाने जे देणं लागतं ते द्या, देणं लागत असलेली गोष्ट दान म्हणून पुढे करू नका.

ही वाक्यं मी प्रवचनात फारशी ऐकलेली नाहीत, मासळी कुठल्या शुक्रवारी चालते यावर मात्र ऐकलंय.

मी वसईचाच, तेव्हा आपल्याकडचंही सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बिल्डर आले, त्यांच्यामागे टँकर आले. वाड्यांतल्या विहिरींना रात्री पंप लागायचे आणि पाणी विकलं जायचं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं ते मला आठवतंय, आईने चहा केला आणि बाबांनी पहिला घोट परत बशीत टाकला. शेजारची पानवेल त्या वर्षी गेली. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. धमक्या आल्या, चर्चमधल्याच काहींनी नाकं मुरडली. फादरांनी मिस्सा (चर्चमधली उपासना) करावी, मोर्चे कशाला, हे वाक्य मी माझ्या सख्ख्या काकाच्या तोंडून ऐकलंय. काकाने जमीन विकली होती, हे ओघाने आलंच.

त्या लढ्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे होते. पाणी खारट झालं की सगळ्यांचंच होतं. ही गोष्ट शंकासुरांसाठी, कारण तिथे कुणाला बाप्तिस्मा दिल्याचं ऐकिवात नाही.

२०२० मध्ये फादर उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू म्हणून विरोध झाला, तरी आजारी असताना गेले. २०२४ मध्ये वारले. "सुवार्ता" मासिक चोवीस वर्षं त्यांनी चालवलं, आमच्याकडे जुने अंक आहेत, कुणाला हवे असतील तर सांगा.

बावखलकाठी

अय्या, जुने अंक हवेत! आणि हो, माझं नाव ज्यावरून घेतलंय ते आमचं बावखलही (वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं) आता अर्धं बुजवलंय. २०१८ च्या जुलैत पाणी घरात शिरलं तेव्हा आठवण झाली सगळ्यांना.

टोरांटोकर

इथे आमच्या चर्चमध्ये फूड बँक आहे आणि रांग दर वर्षी वाढतेय. रांग का वाढते हे विचारलं की म्हणतात, ते राजकारण झालं.

पांढरी_टोपी

मी परिचारिका, आता निवृत्त. प्रशिक्षणाचा काही काळ जामखेडला गेला. इतक्या गप्पा झाल्या आणि जामखेडचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघेही वेल्लोरला शिकलेले, श्रद्धेने ख्रिस्ती. १९७० मध्ये जामखेडला आले. तेव्हा त्या भागात हजार बाळं जन्मली तर पावणेदोनशेच्या आसपास पहिल्या वाढदिवसाआधी जायची. आकडा परत वाचा. नव्वदच्या दशकात तो पंचविसाच्या आसपास आला.

हे दवाखान्याने झालं नाही. डॉक्टर सांगायचे की दवाखान्यात येतो तो आजार, गावात राहतं ते कारण. शिकलेल्या नर्सबाया खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा गावाने निवडलेल्या बायकांनाच शिकवायचं ठरलं. त्यात बहुतेक निरक्षर, बऱ्याच दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. पहिल्या आठवड्यांत या बाया नाव विचारलं तर नवऱ्याचं किंवा जातीचं सांगायच्या. त्यांना आरशासमोर उभं राहून स्वतःचं नाव मोठ्याने म्हणायला लावायचे. मी हसले होते तेव्हा, अक्कल नव्हती.

रात्री मुक्कामाला सगळ्या जातींच्या बाया एका लांबलचक गोधडीखाली झोपायच्या. वेगवेगळ्या दिल्या असत्या तर प्रत्येकीने आपापला कोपरा धरला असता. थंडीत गोधडी ओढायची म्हणजे शेजारणीच्या अंगावरची ओढायची, त्यामुळे भांडणंही व्हायची, पण गोधडीवरून, जातीवरून नव्हे.

कूपनलिकांचंही तेच. पाणी लागेल अशा जागा दलित वस्तीत निवडल्या. मग पाण्याला यायचं तर पाटलाच्या सुनेलाही तिथेच यावं लागायचं. भाषण नाही, मोर्चा नाही. हापसा कुठे बसवायचा एवढाच निर्णय.

१९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. त्यांनी कुणाला धर्म बदलायला सांगितल्याचं मी पाहिलं नाही. सकाळी प्रार्थना व्हायची, ज्याला यायचं तो यायचा.

ताई, तुम्ही "कसं बोललात" विचारलंत. त्या बाईला कमिटीसमोर बोलू द्या. तुम्ही तिच्या वतीने बोलू नका. आम्हा शिकलेल्यांना ही खोड असते, दुसऱ्याचं दुःख आपण जास्त छान सांगतो.

नगरचा_विल्सन

दंडवत घ्या सिस्टर. गोधडीचं आज रात्री पोरीला सांगणार.

शंकासुर

जामखेडबद्दल ऐकलं होतं, ते ख्रिस्ती आहेत हे माहीत नव्हतं. नाव आरोळे, त्यामुळे लक्षातच आलं नाही. (हे लिहिताना स्वतःचीच थोडी गंमत वाटली.)

तरी एक शंका. न्यायाच्या नावाने चर्च उद्या राजकारणात उतरलं तर? भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झालेल्या फादर स्टॅन स्वामींचं काय? त्यांच्यावर गंभीर आरोप होते.

केळीचा_लोंगर

आरोप होते, खटला उभा राहायच्या आधी ते गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली तेव्हा वय त्र्याऐंशी, कंपवात. ग्लास हातात धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मागितला, तोही लगेच मिळाला नाही. ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच मुंबईतल्या रुग्णालयात मृत्यू. त्याआधीची वर्षं झारखंडच्या आदिवासींच्या जमिनी आणि तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांसाठी गेली. आरोपांवर तुमचं मत काहीही असो. पण "राजकारण" म्हणाल तर कच्च्या कैद्याला भेटणं हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातच आहे, भुकेल्याला जेवू घालण्याच्या दोन ओळी पुढे.

यावर वेगळा धागा काढा हवं तर. इथे त्या बाईचा पगार राहू द्या.

माजी_खजिनदार

दोन दिवस विचार करतोय. विल्सनचं पिलातवालं लागलं मला, खोटं कशाला सांगू. आमच्याकडेही ठेकेदार होता आणि पगाराची वही मी सहा वर्षांत एकदाही मागितली नाही. मागायला हवी हेच सुचलं नाही.

तेव्हा कामाचं लिहितो. १) ठेकेदाराशी झालेला करार कमिटीकडून बघायला मागा, त्यात मजुरी किती धरलीय ते बघा आणि किमान वेतनाशी ताडून बघा. कमी निघाली तर दोष आपलाच, आपण स्वस्तातलं टेंडर घेतलं. २) पुढच्या महिन्यापासून कामगारांच्या सहीची पगारवही आल्याशिवाय चेक नाही, असा ठराव. ३) अडकलेले दोन महिने चर्चने आत्ता द्यावेत आणि ठेकेदाराच्या बिलातून कापावेत. पैसे कुठून हे विचारतील. त्या पाकिटांतून द्या म्हणू नका! नाहीतर परत दानच होईल. देखभालीच्या खात्यातून.

बावखलकाठी

काका, हे छापून नेते.

बावखलकाठी

अपडेट. उशीर झाला, माफ करा, घरी लग्न होतं.

फादरांना भेटले. ऐकून घेतलं, मग विचारलं, "फोटोत जी आहे तीच का?" मी हो म्हटलं. त्यांनी मोबाइल काढून फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत बसले. फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, पिशवीकडेही नाही, माझ्याकडे बघतेय. हे मला त्या दिवशी दिसलं नव्हतं.

बैठकीला ती आली. पांढरी_टोपी ताईंचं ऐकून मी गप्प बसले, फार कठीण गेलं. ती दोन-तीनच वाक्यं बोलली. आपल्याबरोबर आणखी दोघी आहेत, त्यांचाही राहिलाय, एवढं जास्तीचं कळलं. आमच्यापैकी कुणालाच त्या दोघींची नावं माहीत नव्हती. एक जण पहाटे मिस्सेच्या आधी येऊन संडास धुऊन जाते, म्हणून कधी दिसलीच नाही.

करार बघितला. मजुरी किमान वेतनापेक्षा कमी धरलीय. सही आमच्याच आधीच्या कमिटीची. एक गृहस्थ म्हणाले, असं सगळीकडेच चालतं. दुसरे म्हणाले, हॉलचं भाडं वाढवावं लागेल आणि मग आपल्याच गरिबांची लग्नं महाग होतील. हा मुद्दा खोटा नाही, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिघींचे दोन-दोन महिने देखभाल खात्यातून देण्याचा ठराव एका मताने पास झाला. म्हणजे एकाच मताच्या फरकाने. पगारवहीचाही झाला. करार बदलायचं पुढच्या बैठकीवर गेलंय, ती पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे.

फोटो ग्रुपवरून काढलाय.

नगरचा_विल्सन

पुढच्या बैठकीला त्या दोघींनाही न्या. आणि त्यांच्या एका दिवसाच्या मजुरीचे पैसे आधी द्या, कामावरून सुट्टी काढून यायचं तर.

बावखलकाठी

हे सुचलंच नव्हतं. विचारते.

पांढरी_टोपी

आणि बैठक जमिनीवर बसून घ्या, नाहीतर त्या दाराशी उभ्या राहतील.